नवापूरचा बाक आणि गिरणगावची मैना

नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर एक बाक आहे. त्याचं अर्धं अंग महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. मधोमध बसलात तर एक मांडी नंदुरबार जिल्ह्यात आणि एक मांडी तापी जिल्ह्यात. तिकीट एका राज्यात काढायचं, स्टेशन मास्तर दुसऱ्या राज्यात बसतो. फलाटावरच्या घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होतात. स्टेशन आधी झालं, सीमा नंतर आली, आणि येताना तिने फलाटालाही सोडलं नाही. लोक हसतात, फोटो काढतात, गाडी आली की निघून जातात. मीही लहानपणी तेच केलं.

या बाकाचा आणि मुंबईत रचलेल्या एका गाण्याचा संबंध आहे, हे मला कळलं रनाळ्याला.

नवापूरहून त्याच लोहमार्गाने नंदुरबार ओलांडून दोंडाईच्याकडे निघालं की रनाळे लागतं. माझं आजोळ तिथलं. नंदुरबारची मिरची आणि दोंडाईचाची मिरची, या दोन बाजारांच्या मधला हा पट्टा. मिरचीच्या हंगामात खळ्यावर लाल चादर पसरलेली असते आणि वाऱ्याची झुळूक आली की परगावचा माणूस लगेच ओळखू येतो, कारण तो शिंकतो. आईचे काका, आमचे आबा, दुपारी ओट्यावर बसून मोबाईलवर गाणी ऐकतात. आवाज मोठा व्हावा म्हणून मोबाईल स्टीलच्या रिकाम्या डब्यात उभा करायचा, ही त्यांची युक्ती. त्या दिवशी डब्यातून शाहीर विठ्ठल उमपांचा आवाज येत होता, ‘माझी मैना गावावर राहिली’. अण्णाभाऊ साठ्यांची छक्कड. मी शंभरदा ऐकलेली. पण शेवटाकडे आबांनी बोट वर केलं, मला थांबवलं आणि म्हणाले, “ऐक. हाऊ आपलाच डांग शे, भाऊ.”

गाण्यात खरोखरच डांगचं नाव आलं होतं. बेळगाव, कारवार, उंबरगाव यांच्या रांगेत डांग. आमच्या नवापूरच्या पलीकडे, सागाच्या जंगलातला डांग.

मी चकित झालो. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा माणूस, राहायला मुंबईत, आणि त्याच्या विरहगीतात आमच्या शिवेवरचं जंगल कसं आलं? त्या एका शब्दाचा माग काढत गेलो तेव्हा समजत गेलं की शहरात कला कशी तयार होते, सरकारी हुकूम तिला कसा आकार देतो, आणि आकार घेतलेली कला उलटून नकाशालाच कशी हात घालते.

अण्णाभाऊंचा जन्म 1 ऑगस्ट 1920 चा. मातंग समाजातलं दारिद्र्यातलं घर, शाळा जवळजवळ नाहीच. पोरवयात घरच्यांबरोबर वाटेगावाहून पायी निघून ते मुंबईला पोचले. हमाली, फेरी, गिरणीतलं काम असं करत माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या संगतीत आले. आणि 1943 मध्ये या लेबर कॅम्पातल्या तरुणाने पोवाडा रचला तो स्टालिनग्राडच्या लढाईवर. जरा थांबून डोळ्यासमोर आणा: व्होल्गेच्या काठावर रणगाडे लढताहेत, आणि माटुंग्याच्या झोपड्यांपुढे डफावर थाप पडते आहे. 1944 मध्ये अण्णाभाऊ, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं.

हे मुंबईतच का झालं? गिरणगावात माणसं एका खोलीत पाळीपाळीने झोपत. एक पाळी कामावर गेली की तिच्या वळकटीच्या जागी दुसरी. जेवण खानावळीत, आंघोळ सार्वजनिक नळावर. खोली फक्त पाठ टेकायला, मग उरलेलं आयुष्य जाणार कुठे? चौकात, गॅलरीत, गिरणीच्या फाटकाबाहेर. लालबाग-परळ-भायखळ्याच्या या पट्ट्यात कोकणातला माणूस आपला दशावतार आणि जाखडी घेऊन आला होता, घाटावरचा माणूस तमाशा आणि भारूड घेऊन. गावाकडे या दोन कला एकमेकींना भेटल्याच नसत्या. इथे त्या एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहत. आणि प्रेक्षक कायम हाताशी! तीन पाळ्यांमुळे कोणत्याही वेळी एक पाळी तरी मोकळी असतेच. जागेची टंचाई हीच गिरणगावच्या कलेची जागा झाली, असं मला वाटतं.

आता तमाशाची रचना पाहू, म्हणजे पुढची गंमत कळेल. पारंपरिक तमाशा सुरू होतो गणाने, म्हणजे गणपतीच्या वंदनेने. मग गवळण: कृष्ण, पेंद्या, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी आणि त्यांची ती तोंडाळ मावशी. मग बतावणी, हजरजबाबी थट्टामस्करी. आणि मध्यरात्रीनंतर वग, म्हणजे मुख्य नाट्य. वाद्यं म्हणाल तर ढोलकी, हलगी, झांज आणि तुणतुणं. तुणतुणं हातात घेऊन बघा एकदा. लाकडाचा पोकळ डबा, तळाला चामडं, एक दांडी आणि एकच तार. ती तार लाकडाच्या काडीने छेडायची. सूर एकच निघतो, रात्रभर एकच, पण तो मागे असला की गाणारा कितीही उंच गेला तरी त्याला घरी परतायची वाट सापडते. हे सगळं सामान दोन माणसांच्या काखोटीत मावतं. रंगमंच नको, पडदा नको. पोलीस आले तर पाच मिनिटांत गल्लीत पसार होता येतं. चळवळीला याहून सोयीची कला कुठली मिळणार?

सोयीची खरी, पण कसलेलीही. गण बदलण्याचं काम आधीच्या पिढ्यांनी करून ठेवलं होतं. महात्मा फुल्यांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात भटशाहीवरचे सवाल भरले. पुढे नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. अण्णाभाऊंनी हीच वाट पुढे नेली. त्यांच्या वगाआधी गणपतीऐवजी मायभूमीला, श्रमिकांना आणि हुतात्म्यांना वंदन येतं. गवळण तर गेलीच.

आणि मग आला हुकूम.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. मुंबई राज्यात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री. तमाशा अश्लील झाला आहे, या कारणावरून सरकारने त्याच्यावर बंदी आणली. हजारो कलावंतांच्या चुली थंड पडायची वेळ आली. दाद मागितली गेली, दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि पुढे अटी घालून तमाशाला पुन्हा वाट मिळाली. पण त्या मधल्या काळात लाल बावट्याच्या शाहिरांपुढे प्रश्न होता. आपण जे करतो त्याला लोक तमाशा म्हणतात, आणि तमाशाला तर बंदी. अण्णाभाऊंनी त्याला दुसरं नाव दिलं: लोकनाट्य.

बंदीतून पळवाट म्हणून आलेलं हे नाव पुढे मराठी रंगभूमीचं एक दालन झालं. ‘लोकनाट्य’ म्हटल्यावर ज्यांना तमाशाला जायची लाज वाटायची ते मध्यमवर्गीय कुटुंबासकट येऊन बसू लागले. समाजवाद्यांच्या राष्ट्र सेवा दलाचं कलापथक पु. ल. देशपांड्यांचं ‘पुढारी पाहिजे’ गावोगाव करू लागलं. व्यंकटेश माडगूळकरांनी लोकनाट्यं लिहिली. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके याच सेवा दलाच्या मांडवातून आले. 1965 मध्ये वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगमंचावर आलं आणि दादा कोंडके घराघरांत पोचले. पुढे ते सिनेमात गेले. एका गृहखात्याच्या कागदाने ढकललेला हा दगड इतक्या दूरवर घरंगळत गेला! अर्थात कागदाला श्रेय नाही. ज्यांची रोजी त्या बंदीने मारली त्यांचं दुःख खरंच होतं. पण पाणी अडवलं की ते बाजूने वाट काढतं, आणि ती वाट कधीकधी मूळ प्रवाहाहून रुंद होते.

ही काही पहिली खेप नव्हती. इंग्रजांनी 1876 मध्ये नाट्यप्रयोगांवर अंकुश ठेवणारा कायदा केला होता. उघड बोलायची सोय नाही म्हटल्यावर मराठी नाटककार पुराणात शिरले. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त प्रेक्षकांना कीचकाच्या जागी कर्झन दिसला, सैरंध्रीच्या जागी गांजलेला देश, आणि भीमाने कीचकाला मारलं की थिएटर उसळायचं. 1907 मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकावर 1910 मध्ये बंदी आली. महाभारतावर बंदी घालता येत नाही, म्हणून महाभारतावरच्या नाटकावर घातली! आडवळणाने बोलायची जी कला मराठी नाटकाला साधली आहे, तिची तालीम त्या कायद्याने करून घेतली.

तमाशाच्या बाबतीत मात्र सरकारी परीक्षकाची पंचाईत वेगळी. तो वाचू शकतो ते कागदावरचं. बतावणी तर कागदावर नसतेच; सोंगाड्या समोरच्या गर्दीकडे बघून त्या क्षणी बोलतो. म्हणून मंजुरी हवी तर आधी संहिता द्या, असा नियम आला. याचा परिणाम दुहेरी झाला. सोंगाड्याच्या जिभेला लगाम बसला, पण त्याचबरोबर वग लिहून काढावा लागला आणि लिहिणाऱ्याला मान मिळाला. आजही महाराष्ट्रात नाटकाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. 1972 मध्ये तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंग याच मंडळाशी न्यायालयात लढले आणि जिंकले.

आता पुन्हा मैनेकडे.

छक्कड हा लावणीच्या घरातला प्रकार, चालीला चटपटीत. अण्णाभाऊंच्या छक्कडीतला नायक पोटासाठी मुंबईला आलेला आहे. बायको गावाकडे. तिचं रूप, तिचं चालणं, निघतानाची ती घडी त्याला आठवते. त्याला भेटते ती मुंबई श्रीमंतांची आणि भुकेल्यांची, दोन्ही एकाच रस्त्यावर. इथपर्यंत ऐकणारा चाळीतला प्रत्येक गडी स्वतःचीच गोष्ट ऐकत असतो, कारण त्याची बायकोही गावालाच असते. आणि त्याचे डोळे भरून आले की शाहीर हळूच वळण घेतो: माझी जी गत, तीच महाराष्ट्राची. माझी मैना जशी दुरावली, तसा या राज्याचा मुलूख दुरावला. त्या वळणावर बेळगाव येतं, कारवार येतं, उंबरगाव येतं. आणि डांग.

काय कसब आहे पाहा. राज्य पुनर्रचना, द्विभाषिक राज्य, सीमा आयोग हे शब्द गिरणीतल्या साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला परके. पण बायकोचा विरह परका नाही. राजकारणाचा एक कोरडा मुद्दा शाहिराने त्याच्या उशीवर नेऊन ठेवला. सभेतलं भाषण लोक घरी जाईपर्यंत विसरतात. गाणं दुसऱ्या दिवशी पाळीवर सोबत जातं.

हे गाणं संयुक्त महाराष्ट्राच्या ज्या आंदोलनात गायलं गेलं, त्यात 21 नोव्हेंबर 1955 ला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. आंदोलनाच्या हुतात्म्यांचा आकडा पुढे 106 वर गेला. आचार्य अत्र्यांनी 15 नोव्हेंबर 1956 ला ‘मराठा’ दैनिक काढलं. मैदानं भरू लागली, आणि पुढारी बोलायच्या आधी गर्दीला बांधून ठेवायचं काम अमर शेख, अण्णाभाऊ, गवाणकर यांच्या डफांनी केलं. आज त्या चौकाचं नाव हुतात्मा चौक आहे. तिथल्या स्मारकावर एक कामगार आणि एक शेतकरी मिळून मशाल धरून उभे आहेत. माझ्या डोळ्यांना त्या दोघांत दरवेळी मैनेचा नवराच दिसतो. गावाकडचा तो आणि शहरातला तो, एकाच मशालीला हात लावून.

1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. मुंबई मिळाली. आणि आमच्याकडे काय झालं? डांग गुजरातेत गेला. डांगी बोली कुणाची यावर तोवर बरीच भांडणं होऊन गेली होती. ठाणे जिल्ह्यातला उंबरगावचा भाग गेला. आणि पश्चिम खान्देशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली गावंही गेली. उंबरगावकडची आणि आमच्याकडची धरून 156 गावं. म्हणजे ज्या नंदुरबार तालुक्यात रनाळे आहे, त्याच तालुक्याच्या अंगावरून रेघ गेली. रनाळे अलीकडे राहिलं, काही गावं पलीकडे. भाऊबंदकी, सोयरिकी, आठवडी बाजार मात्र पूर्वीसारखेच दोन्हीकडे पसरलेले. नवापूरच्या फलाटावरचा तो बाक हे त्या रेघेचं सगळ्यांत निरुपद्रवी टोक. आबांच्या पिढीला ती मैना बायको म्हणून कधी कळलीच नाही. त्यांच्या लेखी ती म्हणजे रेघेपलीकडे दिलेली बहीण.

नवं राज्य आल्यावर सरकारचं आणि कलेचं नातं बदललं. आता सरकार मराठी माणसाचं होतं आणि त्याला कला हवी होती. हौशी नाटकवाल्यांसाठी राज्य नाट्य स्पर्धा मुंबई राज्याच्या काळातच, 1954 मध्ये सुरू झाली होती. तिने मुंबई-पुण्याबाहेरच्या कितीतरी गावांतल्या शिक्षकांना, कारकुनांना, बँकेतल्या माणसांना दरवर्षी एक तारीख दिली. तारीख ही फार मोठी देणगी असते. ती असली की तालीम होते. 1960 मध्येच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ आलं. आणि ज्या अण्णाभाऊंच्या कलेला बंदी चुकवत हिंडावं लागलं, त्यांच्या ‘फकिरा’ कादंबरीला 1961 मध्ये राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. तरीही अण्णाभाऊ राहिले घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत, आणि 18 जुलै 1969 ला गेले ते गरिबीतच. महिना-दीड महिन्यात, 29 ऑगस्टला अमर शेखही गेले. आज मॉस्कोत अण्णाभाऊंचा पुतळा आहे. 2022 मध्ये तो बसवला. पुतळा उभा राहिला याचा मला आनंद आहे. चिरागनगराची आठवण निघाली की तो आनंद घशात अडकतो.

गिरणगावचं पुढचं सगळ्यांना माहीत आहे. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. 1991 च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचं काय करायचं ते ठरवलं आणि 2001 मध्ये त्या नियमात बदल झाला. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला. लालबागचं हनुमान थिएटर, जिथे तमाशाचे फड उतरत, ते गेलं. या बदलाला कुणी कलेवरची बंदी म्हटलं नाही, परीक्षक आला नाही, संहिता मागितली नाही. फक्त चौक गेला, गॅलरी गेली, पाळी गेली. प्रेक्षक विरार-बदलापूरकडे विखुरले आणि गाडीची वेळ गाठण्यात त्यांची संध्याकाळ संपली. मला तर हा नियम मोरारजींच्या हुकुमापेक्षा जास्त खोल गेलेला वाटतो, कारण त्याच्यापुढे नाव बदलून निसटायची सोय नव्हती.

आणि गावाकडे? गावाकडे आता वाट अडवतं ते घड्याळ. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळते. नियमामागचं कारण चुकीचं नाही. आजाऱ्याला, अभ्यास करणाऱ्या पोराला झोप हवीच. पण तमाशाचं गणित पाहा. शेतावरची माणसं जेवून येईस्तोवर नऊ वाजतात. गण, गवळण आणि वगाआधीची गाणी होईपर्यंत दहा. म्हणजे बंद होतो तो नेमका वग, पूर्वी मध्यरात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारा. म्हणून फडमालक गाणी पुढे घेतात, वग आखडतात, आणि जत्रेतलं पोरगं समजतं की तमाशा म्हणजे सिनेमातल्या गाण्यांवरचा नाच.

मागे आबांना घेऊन शेजारच्या गावच्या जत्रेला गेलो होतो. कनातीत पुढे पोरंटोरं, मागे बाया, कडेला मोटारसायकलींवर बसलेले तरुण. फडाचा मॅनेजर खिशातला परवानगीचा कागद दर पाच मिनिटांनी चाचपत होता. वग जेमतेम रंगात आला, राजाचा शिपाई सावकाराच्या दारात उभा राहिला, आणि दहा वाजले. भोंगे बंद झाले. काही लोक उठले, धोतराची माती झटकून निघाले. ढोलकीवाल्याने ढोलकी मांडीवरून खाली ठेवली. मला वाटलं, संपलं.

सोंगाड्या मात्र मंचाच्या कडेला आला आणि पाय खाली सोडून बसला. त्याने हातानेच खूण केली, या, जवळ या. मागच्या बाया पुढे सरकल्या, पुढच्या पोरांना कुणी कुणी मांडीवर घेतलं, मोटारसायकलींवरचे तरुण खाली उतरले. साथीला सूर धरणारे झीलकरी त्याच्या दोन अंगांना उकिडवे बसले. वाद्य नाही, भोंगा नाही. नुसत्या घशाने त्याने सावकाराचं दार वाजवलं, “कोण आहे घरात?” आणि गर्दीतून आबांनी सगळ्यांच्या आधी उत्तर दिलं.